डिजिटल नेतृत्व म्हणजे काय? प्राथमिक शिक्षक फक्त माहिती भरणार की शाळेला दिशाही देणार?

२०२० च्या जून महिन्यात राजारामपुरीतल्या आमच्या घरात दोन शाळा भरत होत्या. एक माझी, मास कम्युनिकेशनच्या ऑनलाइन लेक्चरची. दुसरी आत्याची, इयत्ता तिसरीची.

आत्या प्राथमिक शिक्षिका. तिच्या पटावर ३१ मुलं होती आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर १७ पालक. बाकीच्यांकडे साधे फोन. सकाळी दहाला ती वरून आलेली अभ्यासाची पीडीएफ ग्रुपवर टाकायची आणि दिवसभरात दोन अंगठे यायचे. बास. पहिला आठवडा असाच गेला. मग तिनं एक दोनशे पानी वही काढली आणि ३१ घरांना फोन लावले. मुलाचं नाव, फोन कोणाचा, तो घरी किती वाजता येतो, शेजारी कोणाकडे स्मार्टफोन आहे, रिचार्ज संपलं की किती दिवसांनी होतं. दोन दिवसांत उलगडा झाला. ग्रुपवरचे बहुतेक फोन वडलांचे होते आणि लॉकडाउन सैल झाल्यावर वडील शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामावर जायला लागले होते. फोन घरी यायचा रात्री आठला. म्हणजे सकाळी दहाची पीडीएफ कारखान्याच्या गेटवर उघडत होती.

त्यानंतर तिची शाळा रात्री साडेआठला भरायला लागली. तीन मिनिटांचा आवाजी मेसेज, एक प्रश्न, उत्तरही आवाजातच पाठवायचं. साध्या फोनवाल्या मुलांना ती चार-चारच्या गटानं कॉन्फरन्स कॉलवर घ्यायची. कॉन्फरन्स कॉल कसा लावायचा हे मी शिकवलं, माझं योगदान तेवढंच. महिनाभरात शाळेतल्या आणखी दोन बाईंनी त्या वहीचे रकाने मागून घेतले.

या प्रकाराला शिक्षणशास्त्रात 'डिजिटल नेतृत्व' म्हणतात. आत्याला हा शब्द सांगितला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "नेतृत्व कसलं रे, पोरं सापडत नव्हती म्हणून शोधली."

मग डिजिटल नेतृत्व म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द आता चांगलाच रुळलाय. पीपीटी बनवता येते, व्हिडिओ एडिट करता येतो, गुगल फॉर्मवर चाचणी घेता येते, तो तंत्रस्नेही. ही कौशल्यं हवीतच. पण ती त्या शिक्षकापुरती राहतात. त्याची बदली झाली की प्रोजेक्टरवर कापड पडतं ते पडतंच.

डिजिटल नेतृत्वात प्रश्न वेगळा असतो. हे साधन माझ्या मुलांना कशासाठी हवं, कोणाला मिळत नाहीये, आणि माझ्याशिवायही ते शाळेत चालू राहील का? या प्रश्नांची उत्तरं शोधत जो शिक्षक आजूबाजूच्या चार जणांची शिकवण्याची पद्धत बदलतो, त्याच्याकडे हे नेतृत्व आहे असं म्हणता येतं. त्यासाठी पद लागत नाही. कधीकधी तर 'नाही' म्हणणं हाही त्याचाच भाग असतो. म्हणजे, या धड्याला व्हिडिओ नको, मुलांना अंगणात नेऊया, हे ठरवण्याचा आत्मविश्वास.

जगभरात यावर बरंच लिहिलं गेलंय. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका शाळेचे मुख्याध्यापक राहिलेले एरिक शेनिंजर यांचं 'डिजिटल लीडरशिप' हे पुस्तक २०१४ मध्ये आलं आणि गाजलं. पण ते मुख्याध्यापकांसाठी आहे. आपल्याकडची गंमत अशी की शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत पूर्णवेळ मुख्याध्यापकाची तरतूद आहे ती १५० हून जास्त मुलं असतील तर. ६० पर्यंत पट असेल तर दोन शिक्षक. म्हणजे वाडी-वस्तीवरच्या शाळेत वर्गावर शिकवणारा शिक्षकच मुख्याध्यापक, कारकून आणि कधीकधी इलेक्ट्रिशियनही. तिथं नेतृत्व 'वरून' येण्याची वाट बघत बसलं तर ते येणारच नाही.

युनेस्कोनं शिक्षकांच्या डिजिटल क्षमतांची एक चौकट बनवलीय. तिची तिसरी आवृत्ती २०१८ ची. त्यात १८ क्षमता आहेत आणि तीन पायऱ्या: तंत्रज्ञानाची ओळख होणं, ते खऱ्या प्रश्नांसाठी वापरणं, आणि नवं काही तयार करून इतरांना देणं. भाषा जरा जड आहे. कोल्हापूरचं उदाहरण घेतलं की सोपं होतं.

पंचगंगेचा पूर आणि तिसरीचा वर्ग

बालभारतीचं तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्यानुसार वेगळं निघत आलंय. म्हणजे कोल्हापूरच्या मुलाला कोल्हापूर जिल्ह्याचं पुस्तक. समजा त्यात नदीचा विषय आलाय.

पहिल्या पायरीवरचा शिक्षक पुराचा एक व्हिडिओ डाउनलोड करून दाखवतो. मुलं बघतात, टाळ्या वाजवतात, तास संपतो. वाईट काहीच नाही त्यात.

दुसऱ्या पायरीवरची शिक्षिका मुलांना सांगते, घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, २००५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, २०१९ ला कुठपर्यंत, २०२१ ला कुठपर्यंत, आणि ते बोलणं फोनवर रेकॉर्ड करून आणा. तिसरीतलं पोर आजीची मुलाखत घेतं. आता फोन कशासाठी आहे याची त्या घरातली समजूतच बदलते. पाचवी-सहावीच्या वर्गात याच्या पुढं जाता येतं. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज जाहीर होते. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. जुलैभर ते आकडे वहीत लिहायचे, आलेख काढायचा, आणि ग्रुपवर फिरणारा 'पाणी ४८ फुटांवर गेलं' हा फॉरवर्ड खरा की खोटा हे त्या आलेखावरून तपासायचं. गणित, भूगोल आणि माध्यम साक्षरता, तिन्ही एका वहीत. यासाठी लागणारं तंत्रज्ञान म्हणजे बाईंचा एक फोन.

तिसऱ्या पायरीवर ती शिक्षिका या सगळ्या प्रकाराचं दोन पानी टिपण करते आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत मांडते. पुढच्या पावसाळ्यात प्रयाग चिखलीची शाळा तेच करते, शिरोळ तालुक्यातली एखादी शाळा त्यात कृष्णेची भर घालते. आता ही एका वर्गाची युक्ती राहिली नाही.

पहिल्या पायरीवर जायला पैसे लागतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर जायला वेळ आणि मोकळीक लागते. आपण आजवर खर्च केला तो मुख्यतः पहिलीवर.

महाराष्ट्रात हे सगळं सुरू कुठून झालं?

२००१ मध्ये एमएस-सीआयटी आला. शासकीय कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना तो सक्तीचा झाला, मुदतीत पास न झालेल्यांच्या वेतनवाढीची प्रकरणं कित्येक वर्षं चघळली गेली. शिक्षकाची आणि संगणकाची पहिली सरकारी ओळख ही अशी, परीक्षेच्या आणि पगाराच्या धाकातून झाली. त्याचे पडसाद अजून दिसतात, असं मला वाटतं.

दुसरा टप्पा खालून सुरू झाला. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरची जिल्हा परिषद शाळा डिजिटल झाल्याची बातमी गेल्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभर पसरली. शिक्षकांच्या सहली तिथं जायला लागल्या. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय निघाला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत गावोगावी लोकसहभागाची लाट आली. गावकऱ्यांनी वर्गणी काढून एलईडी टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब घेऊन दिले. जत्रेच्या वर्गणीतून शाळेला टीव्ही मिळणं ही काही छोटी गोष्ट नव्हती.

त्या टीव्हींपैकी बरेच आज बंद आहेत. बॅटरी गेली, पॅनेल गेलं, थकलेल्या वीजबिलापायी शाळेची जोडणीच तुटली, किंवा ज्या गुरुजींनी ते आणले त्यांची बदली झाली. वस्तू आली पण तिच्यामागचा विचार एकाच माणसाच्या डोक्यात राहिला, तर असंच होतं.

परितेवाडीचा क्यूआर कोड

एका शिक्षकाची कल्पना सगळ्या राज्याची कशी होते, याचं सगळ्यात ठळक उदाहरण सोलापूर जिल्ह्यातलं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. कोड स्कॅन केला की त्या धड्याची कविता, व्हिडिओ, गोष्ट उघडायची. पुढे राज्यानं आपल्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले आणि नंतर एनसीईआरटीच्या पुस्तकांतही ते आले. ३ डिसेंबर २०२० ला डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. बक्षीस १० लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटून टाकल्याचं जाहीर केलं. त्या रात्री तुमच्याही स्टेटसला त्यांचा फोटो असेल.

आता क्यूआर कोडच्या यशाकडे जरा जवळून बघा. छापील पुस्तक एकदा छापलं की वर्षभर बदलत नाही. कोडमागचं साहित्य मात्र कधीही बदलता येतं, सुधारता येतं, वाढवता येतं. ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालेल्या 'दीक्षा' या राष्ट्रीय व्यासपीठावर हेच चालतं. पुस्तकातल्या कोडखाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेतही छापलेला असतो. फोनचा कॅमेरा फुटलेला असेल तर तो टाइप करायचा. साहित्य एकदा डाउनलोड केलं की नेटशिवाय चालतं. पालकाला वेगळी वेबसाइट शोधायला लागत नाही, कारण दार पुस्तकातच आहे. मुलाच्या हातात आधीपासून असलेल्या वस्तूला ही कल्पना जोडलेली होती, म्हणून ती टिकली. नवीन वस्तू विकत घ्या म्हटलं असतं तर ती पष्टेपाड्याच्या सहलीसारखी बघून परत यायची गोष्ट झाली असती.

या कथेला दुसरी बाजूही आहे. २०२२ च्या सुरुवातीला फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीच्या रजेवरून आणि प्रतिनियुक्तीच्या काळातल्या हजेरीवरून डिसले आणि जिल्हा परिषद प्रशासन यांच्यात वाद झाला, आणि जुलैमध्ये त्यांनी राजीनामा दिल्याच्या बातम्या आल्या. कोणाचं बरोबर हा इथला विषय नाही. पण वर्गाबाहेर काम करायला लागलेल्या शिक्षकाला व्यवस्थेत नेमकं कुठं बसवायचं, याचा रकाना आपल्या सेवापुस्तिकेत नाही, हे त्यातून सगळ्यांना दिसलं.

राज्यात अशी आणखी उदाहरणं आहेत आणि ती एकसारखी नाहीत. धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातले उमेश खोसे यांना २०२१ चा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांच्या तांड्यावरच्या मुलांची घरची भाषा बंजारा, म्हणून त्यांनी शिकण्याचं साहित्य त्या भाषेत आणलं आणि नेटशिवाय चालणारी अ‍ॅप्स केली. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ मध्ये जागतिक शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला. तिथली चर्चेत आलेली पद्धत म्हणजे 'विषयमित्र', मुलांनीच मुलांना शिकवायचं. यात तंत्रज्ञान जवळपास दुय्यम आहे, आणि मला ही यादीतली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट वाटते.

घोडं अडतं कुठं?

कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला विचारा, डिजिटल म्हटल्यावर आधी काय आठवतं. उत्तर 'दीक्षा' नसतं. सरल, यू-डायस प्लस, शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद, अपार आयडी, चाचण्यांचे गुण आणि उपक्रमांचे फोटो अपलोड करणं, हे असतं. २०२३ च्या अखेरीला मुलांची रोजची हजेरी चॅटबॉटवर नोंदवण्याची पद्धतही आली. प्रत्येक कामामागं कारण असतं, मान्य. पोषण आहाराचा हिशेब लागतोच, मुलगा एका शाळेतून दुसऱ्या शाळेत गेला तर त्याचा माग लागलाच पाहिजे. पण ही सगळी कामं एकाच माणसाच्या खाजगी फोनवर, त्याच्याच डेटा पॅकवर, बरेचदा शिकवण्याच्या तासात होतात. आत्याच्या शाळेत 'आजच्या आज' हे दोन शब्द असलेला मेसेज आला की वर्गात चित्रकलेचा तास व्हायचा. पोरं खुश असायची.

सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यातले प्राथमिक शिक्षक रस्त्यावर उतरले. मागण्या बऱ्याच होत्या, कमी पटाच्या शाळांबद्दलचे निर्णय त्यात मुख्य होते. पण आंदोलनाचा एक मार्ग लक्षात राहण्यासारखा होता: शिक्षक प्रशासकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पडले. पूर्वी संप म्हणजे शाळा बंद. आता ग्रुप सोडणं हाही संप होतो, इतकं प्रशासन त्या हिरव्या चौकोनात शिरलंय.

माझं मत सांगतो. माहिती भरणं आणि नेतृत्व करणं या दोन्हीला आपण 'डिजिटल' हा एकच शब्द वापरतो, आणि त्यामुळे पहिल्याचा कंटाळा दुसऱ्याच्या माथी बसतो. ज्या शिक्षिकेनं दिवसभरात चार लिंका भरल्यात, तिला संध्याकाळी 'चला, तंत्रज्ञानानं अध्यापन आनंददायी करूया' असं म्हटलं, तर ती फोन उशीखाली ठेवून झोपेल. बरोबर करेल.

दुसरी अडचण प्रशिक्षणाची. २१ ऑगस्ट २०१९ ला केंद्र सरकारनं 'निष्ठा' हे प्रशिक्षण सुरू केलं. उद्दिष्ट सुमारे ४२ लाख शिक्षक आणि शाळाप्रमुख. कोरोनानंतर ते 'दीक्षा'वर ऑनलाइन आलं, १८ भागांचं. त्यात माहिती-तंत्रज्ञानावर भाग आहे आणि शाळा नेतृत्वावरही. साहित्य वाईट नाही, मी आत्याबरोबर काही भाग बघितलेत. पण एकट्यानं स्क्रीनसमोर बसून, शेवटी प्रमाणपत्र मिळवायचं असलं की काय होतं ते आपण सगळ्यांनी कॉलेजात केलेलं आहे. व्हिडिओ तिकडं चालू, भाकरी इकडं तव्यावर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. ते ५० तास प्रमाणपत्रांत गेले की एकमेकांच्या वर्गात बसण्यात, यावर बरंच अवलंबून आहे.

तिसरी अडचण नेटवर्कची. राजारामपुरीच्या गल्लीत बसून हे लक्षात येत नाही. इथं पंधरा पावलांवर क्लास, मोबाइलचं दुकान आणि फाइव्ह-जी आहे. त्याच जिल्ह्यात गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढायला लागते. एकच परिपत्रक, एकच अ‍ॅप, एकच मुदत दोन्हीकडे जाते.

शिक्षकात हे नेतृत्व तयार होतं कसं?

एका दिवसाच्या कार्यशाळेतून होत नाही, एवढं नक्की. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की नुसतं व्याख्यान ऐकून आणि प्रात्यक्षिक बघून वर्गात फारसा बदल होत नाही. शिकलेलं वर्गात उतरतं ते परत गेल्यावर सोबतीला कोणीतरी अनुभवी सहकारी असेल तेव्हा. बघून सांगणारा, चुकलं तर न हसणारा.

आपल्याकडे यासाठी नवीन काही उभं करायची गरज नाही. आसपासच्या शाळांचं मिळून केंद्र असतं, केंद्रप्रमुख असतो, केंद्राची शिक्षण परिषद भरते. जिल्ह्याला डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था असते. शहरात महापालिकेची प्राथमिक शिक्षण समिती आहे. चौकट तयार आहे, प्रश्न तिच्यात काय चालतं हा आहे. शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवायची, तर ती पीडीएफ ग्रुपवर आलेलीच असते. त्याऐवजी एका शिक्षिकेनं आपल्या वर्गातली एक फसलेली आणि एक जमलेली गोष्ट दहा मिनिटांत दाखवायची, बाकीच्यांनी महिनाभरात करून बघायची आणि पुढच्या परिषदेत काय झालं ते सांगायचं. फसलेली गोष्ट महत्त्वाची. सोशल मीडियावर सगळ्यांचेच उपक्रम यशस्वी असतात. त्यामुळे नवख्या शिक्षकाला वाटतं, आपल्यालाच जमत नाही.

जोडी लावताना आपण एक चूक हमखास करतो. तरुण शिक्षकाला 'तंत्रज्ञान येतं' म्हणून गुरू करतो आणि पन्नाशीतल्या बाईंना शिष्य. पण भागाकार मुलांना नेमका कुठं अडतो हे बाईंना माहीत असतं. भारतीय वंशाचे पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू केलर यांनी २००६ मध्ये मांडलेली कल्पना इथं उपयोगी पडते: विषयाचं ज्ञान, शिकवण्याचं ज्ञान आणि तंत्राचं ज्ञान, तिन्ही एकत्र आल्याशिवाय तंत्रज्ञानानं शिकवणं जमत नाही. त्या तिघांपैकी दोन गोष्टी बाईंकडे आहेत. म्हणजे जोडी बरोबरीची हवी.

आणखी एक निरीक्षण, पटलं तर घ्या. प्राथमिक शाळांत बायका मोठ्या संख्येनं शिकवतात, पण तंत्रस्नेही म्हणून स्टेजवर, बॅनरवर आणि यूट्यूबवर दिसणारे चेहरे बहुतेक पुरुषांचे असतात. कार्यशाळा रविवारी किंवा मुक्कामी ठेवली की हे आपोआप होतं.

मुख्याध्यापकाचं आणि अधिकाऱ्याचं काम इथं वेगळं आहे: वेळ मोकळा करून देणं. माहिती भरायचं काम आठवड्याच्या एका ठरलेल्या वेळी, शाळेच्या उपकरणावर. आणि एखाद्या शिक्षकानं 'मला हे अ‍ॅप माझ्या वर्गात नको' असं कारणासह म्हटलं तर ते ऐकून घेणं.

कोल्हापूरला ही परंपरा नवीन नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, म्हणजे शाळेपर्यंत कोण पोचत नाही हा प्रश्न या गावानं शंभर वर्षांपूर्वी घेतला होता. १९८५ मध्ये लीलाताई पाटील यांनी इथंच 'सृजन आनंद विद्यालय' सुरू केलं. तिथं शिक्षक स्वतः साहित्य बनवायचे, प्रयोग लिहून काढायचे, त्यावर एकमेकांशी बोलायचे. संगणकाचा संबंध नव्हता. पण वर सांगितलेल्या तिसऱ्या पायरीवर ती शाळा तेव्हाच उभी होती.

फोटो टाकायच्या आधी

हा भाग शिक्षकांइतकाच तुमच्या-माझ्यासाठी आहे. शाळेचा उपक्रम झाला की मुलांचे फोटो नाव-गावासह फेसबुकवर जातात. कधी कौतुक म्हणून, कधी काम केल्याचा पुरावा म्हणून. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, आणि तिची डिजिटल माहिती हाताळायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हे त्यातलं मूळ तत्त्व आहे. शाळांना काही बाबतींत सवलती आहेत, पण पोषण आहाराच्या ताटासमोर बसलेल्या मुलीचा चेहरा साऱ्या गावाला दाखवायला सवलत लागावीच का? पाठमोरा फोटो, हातांचा फोटो, वहीचा फोटो, एवढ्यानं भागतं. हा नियम शाळेत पहिल्यांदा कोण मांडतं, तिथं नेतृत्व दिसतं. माझ्या माहितीतल्या एका शाळेत तो एका नव्या शिक्षिकेनं मांडला आणि सहा महिने तिला सगळ्यांनी 'वकीलबाई' म्हणून चिडवलं. नियम मात्र राहिला.

आणि एआय?

आलाच. मराठीत प्रश्नपत्रिका, गोष्टी, वर्कशीट मिनिटात बनवून देतो. युनेस्कोनं २०२४ मध्ये शिक्षकांसाठी एआय क्षमतांचीही वेगळी चौकट आणली. प्राथमिक शिक्षकासाठी कळीचा मुद्दा तपासण्याचा आहे. आत्यानं मध्यंतरी एका अ‍ॅपकडून कोल्हापूरवर दहा प्रश्न मागितले. मराठी झकास होतं, पण त्यानं रंकाळा आणि कळंबा या दोन तळ्यांची अशी काही सरमिसळ केली होती की तिनं ती प्रिंट तशीच पाचवीच्या वर्गात वाटली आणि सांगितलं, यातल्या चुका शोधा. शोधल्या पोरांनी.

असरच्या २०२४ च्या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुलं ५७ टक्के, आणि सोशल मीडियासाठी वापरलेली ७६ टक्के. फोन कसा चालवायचा हे ही मुलं शाळेबाहेरच शिकून येतात. कशासाठी चालवायचा, हे ती चौदा वर्षांची व्हायच्या आधी, प्राथमिक शाळेतच कोणीतरी दाखवायला हवं.

आत्या मागच्या वर्षी निवृत्त झाली. निरोप समारंभात शाल, नारळ, फोटो सगळं झालं. तिच्या जागी आलेली पोरगी पंचविशीची आहे, कॅनव्हा वगैरे तिला डोळे मिटून येतं. तिनं पहिल्याच आठवड्यात आत्याला फोन करून विचारलं, "बाई, ती फोन कोणाचा, किती वाजता घरी येतो, ती वही कुठाय?" वही आमच्या माळ्यावर होती. आत्यानं ती पुसून दिली, आणि शेवटच्या पानावर तीन नावांपुढं पेननं लिहिलं: यांच्याकडे अजून फोन नाही, घरी जाऊन ये.